द्रव अजून द्रवच आहे, मग ग्राफाइटवर घन थर कसा बसतो?

प्रश्न थोडक्यात असा होता: हेक्साडेकेन (१६ कार्बनची सरळ साखळी) १८ डिग्री सेल्सिअसला वितळतं, लॅबमध्ये २५ डिग्री आहे, म्हणजे बाटलीत ते सरळसरळ पातळ द्रव, तरी त्यात ग्राफाइट बुडवला की त्याच्या पृष्ठभागावर घन थर असतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते कसं काय? दुसरं, सॉल्व्हंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात) चिमूटभर विरघळवलेला रेणू, आजूबाजूला एवढा सॉल्व्हंट असताना पृष्ठभागावर जागा पटकावतो कसा? आणि तिसरं, एसटीएमखाली (अतिशय बारीक टोकातून जाणाऱ्या करंटने पृष्ठभागाचं चित्र काढणारा मायक्रोस्कोप) कधी झकास पट्टे दिसतात, कधी काहीच दिसत नाही, चुकतंय कुठे?

मी या विषयात बरीच वर्षं घातलीयेत, आधी कॅलरीमेट्री म्हणजे उष्णतेची मोजमापं आणि मग एसटीएम, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. पण तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे ते आधी सांगून टाकतो. आपण सवयीने एका रेणूचा विचार करतो, "हा रेणू ग्राफाइटला किती घट्ट चिकटतो" वगैरे. तो विचार सोडा. इथे हिशोब जागेचा असतो, म्हणजे पृष्ठभागाच्या दर चौरस नॅनोमीटरमागे एकूण ऊर्जा किती सुटली आणि त्यासाठी एन्ट्रॉपी (रेणूंची हलण्या-फिरण्याची मोकळीक) किती मोजावी लागली. जो रेणू, जी मांडणी, जे मिश्रण दर चौरस नॅनोमीटरला जास्त फायदा देतं ते बसतं, बाकीचे द्रवात परत जातात.

आता ग्राफाइट हा पृष्ठभाग एवढा खास का ते बघू. कार्बनच्या षटकोनी जाळ्या एकावर एक, दोन जाळ्यांमधलं अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर), जाळीत शेजारच्या दोन कार्बनमधलं अंतर १.४२, आणि जाळी स्वतःला जिथे पुन्हा तशीच सापडते ते अंतर २.४६ अँगस्ट्रॉम. वरची बाजू एकदम सपाट, लोंबणारे बॉण्ड नाहीत, रेणूला रासायनिक पकडणारं काही नाही, सगळा खेळ व्हॅन डर वाल्सचा, म्हणजे रेणूंमधल्या कमजोर ओढीचा. आता सरळ साखळीचा अल्केन (नुसत्या कार्बन-हायड्रोजनचा रेणू, हेक्साडेकेन त्यातलाच) घ्या, झिगझॅग आडवा झोपवा. एक सोडून एक कार्बनमधलं अंतर येतं २.५४ च्या आसपास. २.४६ आणि २.५४, फरक जेमतेम ३ टक्के. निसर्गाने मुद्दाम जुळवून आणल्यासारखं. हे १९७० मध्येच ग्रोसेक यांनी मांडलं होतं, हेप्टेनमधून ३२ कार्बनचा अल्केन ग्राफाइटवर किती चढतो ते मोजून, की साखळ्या आडव्या पडून जाळीशी जुळवून घेत असाव्यात. त्या वेळी रेणू डोळ्याने बघायची सोय नव्हती, नुसत्या उष्णतेच्या आणि प्रमाणाच्या मोजमापावरून काढलेला अंदाज, आणि वीस वर्षांनी एसटीएमने तो बरोबर ठरवला.

मात्र ही जुळणी म्हणजेच सगळं असं समजू नका, ही चूक मी खूप जणांची बघितलीय. ३ टक्के फरक म्हणजे दर जोडीमागे साधारण ०.०८ अँगस्ट्रॉमची घसरण, १६ कार्बनच्या साखळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी मिळून ०.६ च्या आसपास, म्हणजे फार नाही. पण ६० कार्बनच्या साखळीत जवळजवळ एक अख्खी जाळी सरकते, आणि तरी लांब साखळ्यांचे थर जास्तच पक्के असतात. म्हणजे जुळणी दिशा ठरवते, साखळ्या ग्राफाइटच्या तीन समान दिशांपैकी एकीला धरून झोपतात, पण थर टिकतो तो मुळात आडवं पडल्यामुळे आणि शेजारच्या साखळीला खेटून बसल्यामुळे. एक सीएच-टू गट (साखळीतला एक कार्बन आणि त्याचे दोन हायड्रोजन) ग्राफाइटकडून जे मिळवतो ते किरकोळच असतं, पण सोळाच्या सोळा गट एकदम सपाट टेकले की थेंबे थेंबे तळे साचे असं होतं.

आता पहिला प्रश्न. वितळण्याच्या बिंदूच्या वर घन कसं?

मोठ्या द्रवात (म्हणजे पृष्ठभागापासून लांब, बाटलीतल्या एरवीच्या द्रवात) रेणूला गोठायचं असेल तर त्याला सगळंच सोडावं लागतं: फिरणं, वाकणं, इकडून तिकडे जाणं. १८ डिग्रीच्या वर हा सौदा परवडत नाही. पण ग्राफाइटला लागून असलेला द्रवातला रेणू आधीच अर्धा बांधलेला असतो. पृष्ठभाग त्याला आडवा ओढतो, वर-खाली हलायची मोकळीक गेलेली, साखळी बरीचशी सरळ झालेली. म्हणजे गोठण्यासाठी जी एन्ट्रॉपी द्यायची त्यातली काही आधीच दिलेली आहे. उरली थोडी. वर फायदा असा की रेणू ओळीत खेटून बसले तर त्याच जागेत जास्त कार्बन मावतात आणि प्रत्येक जण पूर्ण सपाट टेकतो. विस्कळीत काड्यांचा ढीग आणि पेटीत नीट लावलेल्या काड्या, फरक तेवढाच, पण पृष्ठभागाला तळाशी किती काड्या टेकल्यात त्याच्याशी मतलब. त्यामुळे पहिला थर मोठ्या द्रवाच्या आधी गोठतो, किंवा उलट बाजूने म्हटलं तर उशिरा वितळतो.

किती उशिरा? अल्केनसाठी कामचलाऊ नियम असा की भरपूर द्रव वर असताना थराचा वितळणबिंदू केल्विनमध्ये मोजला तर मोठ्या घनाच्या साधारण १.१ पट येतो. हेक्साडेकेन २९१ केल्विन, त्याला १.१ ने गुणा, ३२० केल्विन, म्हणजे ४७ डिग्री सेल्सिअसच्या आसपास. तुमच्या २५ डिग्रीला थर आरामात घन असतो. हा काटेकोर आकडा नाही, रेणूप्रमाणे इकडेतिकडे होतो, पण प्रयोगाचं तापमान ठरवायला मी आजही आधी हाच गुणाकार करतो.

इथे एक बारीक गोष्ट जी खूप जणांच्या लक्षात येत नाही. "वर भरपूर द्रव असताना" ही अट महत्त्वाची आहे. पृष्ठभाग अर्धवटच झाकेल एवढेच रेणू दिले तर थर लवकर वितळतो, मोठ्या घनापेक्षाही कमी तापमानाला, कारण रेणूंना बाजूला पसरायला मोकळी जागा आहे. वर द्रवाचा साठा असला की रिकामी जागा उरत नाही, थर दाबून भरतो, आणि वितळायचं तर कुणाला तरी थरातून वर ढकलून जागा करावी लागते. तेव्हा दोन पेपरमध्ये एकाच रेणूचे दोन वेगळे वितळणबिंदू दिसले तर आधी कव्हरेज किती होतं, म्हणजे पृष्ठभाग किती झाकलेला होता, ते बघा, मग भांडा.

आणि कुठल्याही कडेला हे असंच होत नाही. अल्केनच्या द्रवाच्या हवेकडच्या बाजूलाही एक गोठलेला थर असतो, १९९० च्या दशकात तो एक्स-रेने दाखवला गेला, पण तिथे रेणू उभे असतात आणि सगळी मजा मोठ्या वितळणबिंदूच्या वर फार तर ३ डिग्रीपर्यंत चालते. ग्राफाइटवर रेणू आडवे आणि फरक ३० डिग्रीचा. यंत्रणाच वेगळी आहे, दोन्हीला "सरफेस फ्रीझिंग" म्हणून एका टोपलीत टाकू नका.

मग हे दिसतं कसं? सगळ्यात साधं हत्यार डीएससी, म्हणजे नमुना तापवताना किती उष्णता शोषली जाते ते मोजणारं यंत्र; काही वितळलं की ग्राफमध्ये पीक म्हणजे शिखर येतं. एक्सफोलिएटेड ग्राफाइट म्हणजे फुगवून पुन्हा दाबलेला ग्राफाइट मिळतो, ग्रॅमला २० ते ३० चौरस मीटर पृष्ठभाग. आता हिशोब करा. हेक्साडेकेनचा आडवा रेणू साधारण २२-२३ अँगस्ट्रॉम लांब, शेजारच्या साखळीपासून सव्वाचार ते साडेचार अँगस्ट्रॉम, म्हणजे एक रेणू जवळपास १ चौरस नॅनोमीटर घेतो. २० चौरस मीटरला २ गुणिले १० चा १९ वा घात इतके रेणू, वजनाने साधारण साडेसात मिलिग्रॅम. ग्रॅमभर ग्राफाइटमागे साडेसात मिलिग्रॅम! आणि डीएससीच्या भांड्यात ग्रॅमभर ग्राफाइट मावतही नाही. म्हणजे थराचा पीक पिटुकला असतो, मोठ्या द्रवाच्या डोंगराएवढ्या पीकच्या उजवीकडे एक उंचवटा, आणि स्केल वाढवून बघितलं नाही तर तो बेसलाइनच वाटतो. तो खरा की खोटा ते ओळखायची माझी पद्धत: द्रव वाढवा, मोठा पीक वाढला पाहिजे आणि छोटा तेवढाच राहिला पाहिजे, मग ग्राफाइट वाढवा, छोटा वाढला पाहिजे. दोन्ही झालं तर थर, नाहीतर कचरा.

डीएससी "काहीतरी वितळलं" एवढंच सांगतं, काय वितळलं ते नाही. त्यासाठी न्यूट्रॉन लागतात. हायड्रोजनचं इनकोहेरंट स्कॅटरिंग (न्यूट्रॉन सगळ्या दिशांना विखुरणं, त्याचं माप बार्न) ८० बार्नच्या आसपास आणि ड्युटेरियमचं (जड हायड्रोजनचं) फक्त २ च्या आसपास, त्यामुळे मिश्रणातल्या एका घटकाचे हायड्रोजन बदलून ड्युटेरियम घातलं की तो न्यूट्रॉनला जवळपास दिसेनासा होतो. द्रवातले रेणू हलत असतात, त्यांच्यावरून आलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा पसरते. थरातले रेणू जागच्या जागी, त्यांच्यावरून आलेला न्यूट्रॉन ऊर्जा न बदलता परततो. तेव्हा न बदललेला भाग मोजला की घन किती आहे ते कळतं, आणि कुठला घटक ड्युटेरियमवाला होता ते माहीत असल्यामुळे घनात कोण बसलंय तेही कळतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या आयएलएलसारख्या न्यूट्रॉन केंद्रात असलं बरंच काम झालं. डिफ्रॅक्शन केलं, म्हणजे कुठल्या कोनाला न्यूट्रॉन जास्त येतात ते मोजलं, तर द्विमितीय थराचा पीक नेहमीसारखा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, करवतीच्या दातासारखा असतो, कमी कोनाकडून एकदम चढतो आणि जास्त कोनाकडे शेपूट सोडत उतरतो. तो आकार एकदा ओळखीचा झाला की तिसऱ्या दिशेत रचना नाही हे ग्राफ बघताच समजतं.

आता दुसरा प्रश्न, चिमूटभर रेणू जिंकतो कसा. पुन्हा जागेचा हिशोब. हेप्टेनमध्ये थोडासा ३२ कार्बनवाला अल्केन आहे. ३२ वाल्याच्या एका रेणूइतकी जागा भरायला हेप्टेनचे चार-साडेचार रेणू लागतील. टेकणाऱ्या सीएच-टू गटांची संख्या जवळपास तीच, म्हणजे ऊर्जा साधारण तेवढीच, पण हेप्टेनच्या बाजूने चार-साडेचार रेणूंना स्वातंत्र्य सोडावं लागतं आणि ३२ च्या बाजूने एकालाच. एक मोठा आडवा झाला की चार छोटे सुटून द्रवात हुंदडायला मोकळे. म्हणून लांब रेणू अगदी कमी प्रमाणात असला तरी पृष्ठभागावर त्याचंच राज्य. शिवाय थर घन असेल तर निवड फार कडक होते, कारण १६ च्या रांगेत ८ वाला घुसला की रांग बिघडते. लांबी जवळजवळ सारखी असेल तर दोघं मिसळून एक थर करतात, फरक वाढला की आपापले वेगळे तुकडे करतात, किंवा एकाला बाहेरच राहावं लागतं. थर वितळला की ही कडक निवड सैल पडते. तापमान वाढवत नेलं की निवड अचानक ढिली होते तो बिंदू आणि डीएससीचा छोटा पीक एकमेकांजवळ येतात, हे पहिल्यांदा स्वतःच्या ग्राफवर बघितलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

टोकाला काय लावलंय त्यानेही हिशोब बदलतो. अल्कोहोल असेल तर ओएच गट एकमेकांना हायड्रोजन बॉण्डने धरतात आणि त्यासाठी साखळ्या रांगेला ६० अंशात कलतात, शेजारची रांग उलट कलते, त्यामुळे माशाच्या काट्यासारखी नक्षी. साधे अल्केन मात्र रांगेला काटकोनात. कार्बोक्झिलिक आम्ल डोक्याला डोकं लावून जोडी करतं, म्हणजे पृष्ठभागाच्या दृष्टीने रेणूची लांबी दुप्पट झाली, आणि लांब जिंकतो हे आत्ताच बघितलं. सगळ्यात दांडगे अमाइड. तिथे जोडी तर होतेच, पण एनएच-टू चा दुसरा हायड्रोजन मोकळा असतो, तो शेजारच्या जोडीला पकडतो, आणि अख्खी साखळीच्या साखळी बांधली जाते. म्हणून तेवढ्याच लांबीच्या अल्केनला, अल्कोहोलला अमाइड हाकलून लावतो आणि त्याचे थर बऱ्याच वरच्या तापमानापर्यंत टिकतात.

अमाइडवरून एक जुनी गोष्ट. एकदा आम्ही ब्लँक म्हणून नुसता सॉल्व्हंट ग्राफाइटवर टाकला, काही दिसायला नको होतं, आणि अगदी आखीव पट्टे दिसले. दोन आठवडे आम्ही सॉल्व्हंटचाच थर म्हणून आनंदात, एकाने तर फिगरसुद्धा बनवली. पट्ट्यांची रुंदी मात्र सॉल्व्हंटच्या रेणूशी काही केल्या जुळेना. शेवटी काचेच्या बाटलीतला सॉल्व्हंट घेतला तेव्हा पट्टे गायब. दोष प्लॅस्टिकच्या छोट्या ट्यूबचा होता. प्लॅस्टिक एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यात ओलिअमाइड, एरुकामाइड असले लांब साखळीचे अमाइड घालतात, ते सॉल्व्हंटमध्ये उतरतात, आणि वर सांगितलं तसं पृष्ठभागावर कोण जिंकणार ते ठरलेलंच. फिगर फेकली. तेव्हापासून सॉल्व्हंट फक्त काचेत, आणि पॅराफिल्म (बाटलीचं तोंड बंद करायची ताणायची पट्टी) कुठेही जवळ नाही, कारण ते तर मेणच.

आणि प्लॅस्टिक टाळलं तरी हवा आहेच. २०१३ मध्ये दाखवलं गेलं की ताज्या सोललेल्या ग्राफाइटवर पाण्याच्या थेंबाचा पृष्ठभागाशी कोन साधारण ६४ अंश असतो आणि हवेत ठेवलं की तो वाढत वाढत ९० च्या पुढे जातो. म्हणजे "ग्राफाइट पाण्याला नको असतो" हे जे आपण शिकलो ते बरंचसं हवेतून बसलेल्या हायड्रोकार्बनचं वर्णन होतं. मग २०२२ मध्ये असं समोर आलं की हा बसलेला मळ म्हणजे ओबडधोबड चिखल नाहीच, तर मुख्यतः २० ते २६ कार्बनचे सरळ अल्केन, आणि तेही ओळीत आडवे लागलेले. हवेत त्यांचं प्रमाण ते किती, पण निवड करणारा पृष्ठभाग असला की तेवढं पुरतं. यावर मला आश्चर्य वाटायला हवं होतं पण ट्यूबवाला प्रसंग झाल्यामुळे नाही वाटलं.

सॉल्व्हंट कुठला घ्यावा, हे तिसऱ्या प्रश्नाकडे जातं. बरेच जण टेट्राडेकेन घेतात, मिळतो सहज, उडून जात नाही. पण १.१ चा गुणाकार करा: टेट्राडेकेन २७९ केल्विनला वितळतो, म्हणजे थर ३०७ केल्विनपर्यंत, ३४ डिग्री. खोलीच्या तापमानाला टेट्राडेकेन स्वतःच थर करायला तयार बसलेला असतो! तुमचा रेणू कमजोर असेल तर जे पट्टे दिसतायत ते सॉल्व्हंटचे, किंवा दोघांचे मिळून. म्हणून फिनाइलऑक्टेन बरा, त्याच्या एका टोकाला बेंझीनचं कडं असल्यामुळे त्याला नीट ओळीत लागता येत नाही, वीज वाहत नाही, आणि थेंब तासन् तास टिकतो.

सॉल्व्हंट आणि प्रमाण नुसते "विरघळवायला" नसतात, ते रचना ठरवतात. ट्रायमेसिक आम्लाचं उदाहरण सगळ्यांनी करून बघावं असं आहे: बेंझीनवर तीन कार्बोक्झिल गट, पृष्ठभागावर षटकोनी जाळं, मध्ये साधारण १.१ नॅनोमीटरची भोकं. सॉल्व्हंट म्हणून लांब साखळीचं आम्ल घेतलं तर ही मोकळी जाळी मिळते, छोट्या साखळीचं घेतलं तर जास्त दाट, फुलासारखी रचना. २००५ मध्ये हे पद्धतशीर तपासलं गेलं. प्रमाणाचा परिणाम तर आणखी सरळ आहे: २००८ मध्ये बेल्जियममधल्या लोवेनच्या डी फेटर यांच्या गटाने आणि जपानच्या टोबे यांच्या गटाने मोठ्या त्रिकोणी रेणूंवर दाखवलं की द्रावण पातळ असेल तर भोकांची जाळी, घट्ट असेल तर दाट सरळ रांगा. का ते आता तुम्हीच सांगू शकाल. भोकवाल्या रचनेत दर चौरस नॅनोमीटरला कमी रेणू लागतात. द्रावणात रेणूंचा तुटवडा असेल तेव्हा कमी रेणूंत जागा झाकणारी मांडणी परवडते. रेणू भरपूर असतील तेव्हा दाट मांडणी, कारण तिथे दर जागेला जास्त ऊर्जा सुटते. कुणाला रचना "चुकीची" आली की मी आधी विचारतो, प्रमाण दहापट पातळ करून बघितलं का?

आता एसटीएमवर काहीच दिसत नाही त्याबद्दल. १९९०-९१ पासून लोक द्रवाच्या थेंबात टोक बुडवून हे थर बघतायत, राबे आणि बुकहोल्झ यांचं १९९१ चं काम अजूनही वाचण्यासारखं आहे, त्यात रेणूंच्या रांगा तर आहेतच पण रांगा हलताना, सीमा सरकताना पण दिसतात. पद्धत तीच आहे: एचओपीजी (प्रयोगासाठी वापरतात तो नीट थरांचा ग्राफाइट) चिकटपट्टीने सोला, आधी कोरड्यावर ग्राफाइटची जाळी स्पष्ट दिसते का बघा, मग थेंब टाका. जाळी दिसत नसेल तर टोक खराब आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही. थेंब टाकल्यावर करंट कमी ठेवा, काही दहा पिकोअँपिअर, आणि व्होल्टेज सुमारे १ व्होल्ट. करंट वाढवला की टोक थरात घुसतं आणि थर खरवडून खालचा ग्राफाइट दाखवतं. हा दोष नाही, उलट फायदा आहे: त्याच जागी आधी थर, मग करंट वाढवून ग्राफाइट, असे दोन फोटो घ्या, २.४६ ची पट्टी तुम्हाला फुकट मिळाली आणि साखळीची दिशाही जाळीवरून कळली. ज्यांनी ही मोजपट्टी वापरली नाही त्यांचे युनिट सेलचे (रचनेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकटीचे) आकडे मी फारसे मनावर घेत नाही.

पट्ट्यांमध्ये काय उजळ आणि काय गडद दिसतं त्यावरून उंची वाचू नका. एसटीएम इलेक्ट्रॉन कुठून सहज जातात ते दाखवतो. अमाइन, सल्फर, आयोडीन हे गट उजळ दिसतात, ओएच बहुतेक वेळा दिसतच नाही, साखळीतच मिसळून जातो. आणि साखळ्यांवर जे हळूहळू उजळ-गडद होत जाणारं लाटांसारखं दिसतं ते वरच्या थराचं आणि खालच्या जाळीचं माप थोडं वेगळं असल्यामुळे, मघाशी सांगितलेल्या त्या ३ टक्क्यांमुळे.

नुसता ग्राफाइटही फसवतो हे विसरू नका. सोलताना वरची जाळी थोडी फिरली की मोआरे नक्षी (तिरक्या पडलेल्या दोन जाळ्यांमधून दिसणारी मोठी नक्षी) येते, पायऱ्यांच्या कडेला दोरीसारख्या वळ्या दिसतात. एसटीएम नवीन होता तेव्हा ग्राफाइटवर डीएनए दिसल्याचे फोटो आले होते, आणि १९९१ मध्ये सायन्समध्ये एक पेपर आला की डीएनए न टाकताही नुसता ग्राफाइट तसंच पिळाचं चित्र देतो. त्या पेपरनंतर बऱ्याच जणांनी आपले फोटो गुपचूप बाजूला ठेवले असतील. तेव्हा एका फोटोवर विश्वास ठेवायचा नाही, तीन वेगळ्या जागा, दोन वेगळी टोकं, आणि ब्लँक.

पट्टे न दिसण्याचं अजून एक कारण म्हणजे थर आहे पण तुम्ही त्याच्या वितळणबिंदूच्या फार जवळ आहात. द्रावण पातळ केलं की थराचा वितळणबिंदू खाली येतो, शुद्ध द्रवासाठी काढलेला १.१ वाला आकडा तिथे लावू नका. शुद्ध हेक्साडेकेनचा थर २५ डिग्रीला घन, पण तोच हेक्साडेकेन फिनाइलऑक्टेनमध्ये अगदी थोडा घातला तर थर टिकेलच असं नाही. अशा वेळी लांबी वाढवा किंवा प्रमाण वाढवा किंवा थंड करा, तिन्ही एकाच दिशेने काम करतात. उलट लांब अमाइडसारखे दांडगे रेणू थंडीत टाकले तर ते जिथे पडतील तिथेच अडकतात, छोटे छोटे तुकडे, मध्ये वेड्यावाकड्या सीमा. तिथे थोडं गरम करून सावकाश थंड करा, तुकडे वाढतात, छोटे मोठ्यात विरघळतात.

हेक्साडेकेनबद्दल शंका राहिलीच असेल तर हे करून बघा. गरम होणारा स्टेज असेल तर एका तुकड्यावर थांबा आणि हळूहळू ५० डिग्रीपर्यंत न्या. ड्रिफ्ट (तापमानामुळे नमुना आपोआप सरकणं) इतका असतो की मूळ जागा हातातून निसटणार, त्याला इलाज नाही, दर काही डिग्रीला थांबून ड्रिफ्ट शांत होऊ द्या. वर गेल्यावर पट्टे जातात, द्रव होता तसाच असतो, खाली ग्राफाइटची जाळी दिसत राहते. परत २५ ला या आणि फोटो घ्या. पट्टे परत आलेले असतात, पण पहिल्याच दिशेने येतील असं नाही, तीनपैकी कुठल्याही.